काका, भाकरी करा! : मोठ्यांच्या वाचनाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी आमच्या वस्तीतल्या संध्याकाळच्या वर्गाबद्दल दोन पानं लिहिली होती, मोठ्या बायका-पुरुषांना अक्षरओळखीपासून वाचायला शिकवतो तो वर्ग, आणि त्यावर एवढे प्रश्न येतील असं खरंच वाटलं नव्हतं. बरेचसे सारखेच आहेत म्हणून सहा निवडलेत. मी काही या विषयातली तज्ज्ञ वगैरे नाही, अकरा वर्षं आठवड्यातून चार दिवस या लोकांसोबत सतरंजीवर बसतेय आणि चुका भरपूर केल्यात, त्यातूनच जे कळलं ते सांगते. नावं कुणाचीच छापत नाही, बहुतेकांनी तशी विनंतीच केलीय.

प्रश्न : ताई, आमच्याकडे दहा वर्षं कामाला येणाऱ्या मावशींना वाचायला शिकायचंय. वय ४६-४७ असेल, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मी मुलाची जुनी अंकलिपी काढली आणि अ अननसाचा पासून सुरू केलं, रोज दुपारी अर्धा तास. आठ दिवस छान चाललं, मग आज डोकं दुखतंय, उद्या पाहुणे येणारेत असं व्हायला लागलं आणि आता म्हणतात "जाऊ द्या वहिनी, माझ्या डोक्यात नाय शिरत." माझं कुठे चुकलं? (नाशिक)

आधी मला एक सांगा, मावशी सुईत दोरा स्वतः ओवतात की पोरांना हाक मारतात? पोरांना हाक मारत असतील तर अंकलिपी बाजूला ठेवा आणि त्यांना डोळे तपासायला घेऊन जा. चाळिशी उलटली की जवळचं धूसर दिसायला लागतं, त्याला आपण चाळिशीचा चष्मा म्हणतो तो काय उगाच नाही. ज्याला वाचायचंच नसतं त्याला हे कळतच नाही, कारण तांदूळ निवडताना आणि सुई ओवताना सोडलं तर जवळचं बारीक बघायची वेळच येत नाही. मग आपण पुस्तक समोर धरतो, त्यांना अर्ध्या तासात डोकेदुखी होते आणि त्या बिचाऱ्या समजतात की आपलं डोकंच कच्चं. माझ्या पहिल्या वर्षातल्या चार बायका अशाच गळाल्या, मी समजत होते त्यांना इंटरेस्ट नाही. पाचवीला एकदा सहज माझा चष्मा लावून बघायला दिला तर ती म्हणाली, "अगं बाई, याला पोटात रेघ पण आहे व्हय?" ती 'ष' कडे बघत होती. दोन महिने तिला 'प' आणि 'ष' एकच वाटत होते आणि मी रोज तिला समजावत होते की नीट बघा, नीट बघा. त्या दिवसापासून आमच्याकडे वर्गाची सुरुवात चष्म्याने होते. सरकारी दवाखान्यात किंवा शिबिरात दाखवा, म्हणजे मोतीबिंदू असेल तर तोही कळेल, रस्त्यावरचा तयार चष्मा घेऊन वेळ मारून नेऊ नका.

दुसरं, अंकलिपी. ती चार वर्षांच्या पोरासाठी केलेली असते, त्याला 'ऐरण' हा शब्दच नवीन असतो, चित्र बघून तो शब्दही शिकतो आणि अक्षरही. तुमच्या मावशींना मराठी तुमच्या-माझ्याइतकंच येतं, किंबहुना दोन शिव्या आणि पन्नास म्हणी जास्तच येत असतील. त्यांना फक्त एवढंच हवंय की तोंडातून निघणारा आवाज कागदावर कसा दिसतो. त्यासाठी अ पासून ज्ञ पर्यंत सगळी पलटण ओळीने उभी करायची काहीच गरज नाही, अ ते अः करता करता महिना जातो आणि महिन्याच्या शेवटी त्यांना एक शब्द वाचता येत नाही! कोण टिकेल?

मी 'भाकरी' पासून सुरू करते. मोठ्या अक्षरात लिहायचं, वाचून दाखवायचं, मग कात्रीने कापायचं : भा, क, री. मग भ ला काना आहे तसा क ला दिला तर का, र ला दिला तर रा, वेलांटी क ला दिली तर की. तीनच अक्षरं, एक काना आणि एक दुसरी वेलांटी, पण तुकडे सरकवत बसलं की भारी निघतं, भरा निघतं, कार, काका, काकी निघतात. मागच्या वर्षी तिसऱ्या दिवशी एका बाईंनी हे तुकडे जुळवून जुळवून वाक्य केलं : काका, भाकरी करा. आणि मग अख्खा वर्ग जो हसलाय! कारण कुणाच्याच घरातल्या काकाने आजवर भाकरी केलेली नव्हती. ते वाक्य महिनाभर भिंतीवर होतं. आपण लिहिलेल्यावर दुसरं कुणीतरी हसलं, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं.

ही काही माझी शोधलेली युक्ती नाही. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे नावाचे शिक्षक होते, त्यांनी १९६३ साली आंजिकोस नावाच्या गावात साधारण तीनशे शेतमजुरांना चाळीसेक तासांत वाचायला शिकवलं होतं, लोकांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द घ्यायचे आणि ते फोडायचे. त्यांचा एक शब्द होता तिजोलो, म्हणजे वीट. ती-जो-लो. बांधकामावरच्या माणसाला विटेबद्दल बोलायला भरपूर असतं ना, ती कोण बनवतं, ती विकत कोण घेतं, स्वतःच्या घराला ती का नाही, म्हणजे अक्षरं फोडता फोडता गप्पा पण तिकडेच जातात. पुढच्याच वर्षी तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरेंना तुरुंगात टाकलं, यावरून काय ते समजा. तुमच्या मावशींना भाकरी चालेल, किंवा त्यांच्या मुलीचं नाव घ्या, किंवा ज्या बसने त्या येतात तिच्या पाटीवरचं गावाचं नाव. जोडाक्षर असलेलं नाव मात्र पहिल्या आठवड्यात नको.

आणि हो, दुपारची वेळ त्यांची की तुमची? तुमच्याकडची भांडी झाल्यावर त्यांना पुढची दोन घरं असतील. पगारी अर्धा तास द्या, म्हणजे भांड्यांच्या वेळेतूनच. हे वाचून काही वहिनींना राग येईल, येऊ दे.

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे आहेत, एका सोसायटीत वॉचमन. त्यांना लिहिता-वाचता येत नाही हे मला माझ्या तिसाव्या वर्षी कळलं आणि तेही दुसऱ्याकडून. गेटवरच्या वहीत आलेल्या माणसाचं नाव लिहायची वेळ आली की ते "चष्मा घरी राहिला, तुम्हीच लिहा साहेब" म्हणतात. मला त्यांना शिकवायचंय पण विषय कसा काढू कळत नाही. आणि या वयात खरंच येतं का? (ठाणे)

येतं. लवकर येतं असं म्हणणार नाही, पण येतं. २०१७ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, लखनौजवळच्या खेड्यांतल्या तिशीच्या आसपासच्या, कधी शाळेत न गेलेल्या बायकांना सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूचे स्कॅन काढले, तर नुसत्या वरवरच्या नाही तर मेंदूच्या अगदी आतल्या, जुन्या भागांमधेही फरक दिसला. त्या तिशीच्या होत्या, तुमचे बाबा एकसष्ट, त्यामुळे मी माझ्या वर्गाचंही सांगते : साठीच्या पुढचे सात जण माझ्याकडे वाचायला शिकले, सगळ्यात हळू शिकलेल्या आजोबांना अडीच वर्षं लागली आणि ते आता पेपरातलं हवामान रोज मोठ्याने वाचून सगळ्यांना पिडतात.

विषय काढायचं म्हणाल तर, मी तुमच्या जागी असते तर "बाबा, मी तुम्हाला शिकवतो" असं अजिबात म्हटलं नसतं. तीस वर्षं ज्या माणसाने मुलापासून एक गोष्ट लपवली, त्यासाठी किती खटाटोप केला असेल विचार करा. मुलाची प्रगतीपुस्तकं आईकडून वाचून घेतली असतील, बसची पाटी शेजारच्याला विचारली असेल, औषधं पाकिटाच्या रंगावरून ओळखली असतील, हाताला पट्टी बांधून फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेणारा माणूस मी स्वतः पाहिलाय. त्यांची स्मरणशक्ती तुमच्या चौपट असणार, अख्ख्या सोसायटीच्या गाड्यांचे नंबर त्यांना पाठ असतील बघा. मुलासमोर चुकायचं हे त्यांना सगळ्यात जड जाणार आहे.

म्हणून शिकवणारा माणूस शक्यतो दुसरा शोधा, त्यांच्या वयाच्या जवळचा. नातवंडांना तर अजिबात मधे घेऊ नका, पोरं फार गोड असतात पण "आजोबा एवढं पण येत नाही?" हे एकच वाक्य सहा महिन्यांची मेहनत घालवतं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली ती तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल, गुलाबी नऊवारी नेसून दप्तर घेऊन जाणाऱ्या आज्या. लोकांना ते फोटो गंमतीचे वाटतात पण त्यातली अक्कल बघा, सगळ्या एकाच वयाच्या, सगळ्यांना सारखाच गणवेश, घरची कामं आटपल्यावरची दुपारची वेळ. एकटीला लाज वाटते, तीस जणी मिळून गेल्या की तो गावाचा कार्यक्रम होतो. पुरुषांसाठी असं काही दिसत नाही फारसं, आणि पुरुष जास्त लपवतात हा माझा अनुभव आहे, त्यांना म्हणे बाहेरचे व्यवहार बघायचे असतात.

तुमच्या बाबांकडे तर तयार पुस्तक आहे, ते गेटवरचं रजिस्टर. ए विंगच्या खालच्या पाटीवरची आडनावं मराठीत लिहून घ्या मोठ्या अक्षरात. कुठल्या मजल्यावर कोण राहतं हे त्यांना पाठच आहे, म्हणजे 'तिसरा मजला, दुसरं दार' म्हटल्यावर तिथे काय लिहिलेलं असणार हे त्यांना आधीच माहितीय, फक्त आवाज आणि आकार जुळवायचा. जाधव, पवार, कदम, मोरे, ही आडनावं किती सोपी असतात वाचायला, आणि कुलकर्णी, क्षीरसागर शेवटी ठेवा. ते कधी विषय काढतील ते तुम्हाला कळेल, म्हणजे एखाद दिवशी "हे काय लिहिलंय रे" असं विचारतील, वर्षानुवर्षं विचारलेलं नसेल. त्यावेळी मोबाईल खाली ठेवा एवढंच.

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या एका ताईंना सगळी अक्षरं येतात, बाराखडीही येते. पण वाचताना क… म… ळ… असं करतात आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतात. 'अर्ज' आणि 'कार्ड' वर तर गाडी बंदच पडते. सहा महिने झाले इथेच अडकलोय. (लातूर)

हा प्रश्न वाचून मला बरं वाटलं, कारण खरा डोंगर हाच आहे आणि याच्याबद्दल कुणी बोलत नाही. अक्षरओळख झाली की आपण टाळ्या वाजवतो, प्रमाणपत्र देतो, आणि ती बाई वर्षभरात पुन्हा अंगठ्यावर येते.

काय होतं की डोक्यात एका वेळी थोडंच मावतं. क कुठला हे आठवायलाच जर दोन सेकंद लागत असतील, मग म ला दोन, तर ळ पर्यंत क सांडून गेलेला असतो. सायकल हळू चालवली की पडते तसंच, वाचनाला पण थोडा वेग लागतोच, नाहीतर अर्थ लागत नाही. आणि वेग येतो तो फक्त एकाच गोष्टीने, तेच तेच पुन्हा वाचून. नवीन धडा नको! आपल्याला वाटतं रोज नवीन दिलं नाही तर कंटाळतील, उलट आहे, चार ओळींचा एकच मजकूर आठवडाभर वाचला आणि शुक्रवारी तो धाडधाड वाचता आला की त्यांचा चेहरा बघा.

मजकूर कुठून आणायचा? त्यांच्याच तोंडून. आमच्याकडे रोज एकजण काल काय झालं ते सांगते, दोन वाक्यं, मी फळ्यावर लिहिते. एकदा एका बाईंनी सांगितलं, काल पाऊस झाला, माझं सरपण भिजलं. मी घाईत 'जळण' लिहिलं. वाचायला लावलं तर त्यांनी 'सरपण' वाचलं, मी म्हटलं नीट बघा, ज आहे ना तिथे. त्या म्हणाल्या, "ज आसंल तुझा, मी सरपान म्हनले व्हते." बरोबर होतं त्यांचं, पुसून लिहिलं. तेव्हापासून जसं बोलतील तसंच लिहिते, 'म्हनली' तर 'म्हनली', पुस्तकातलं 'म्हणाली' नंतर येतं आपोआप. न आणि ण चं शुद्धलेखन पहिल्या वर्षी काढू नका प्लीज, तो आपला किडा आहे, त्यांचा नाही. आणि च चे दोन उच्चार, चमच्यातला वेगळा आणि चार मधला वेगळा, हे पण समजावायच्या फंदात पडू नका, शब्द ओळखीचा असला की तोंड आपोआप बरोबर वळतं. परदेशी माणसाला शिकवताना हे लागतं, लातूरच्या बाईला कशाला.

आता फोनचा उपयोग. तुम्ही त्या चार ओळी हळू आवाजात रेकॉर्ड करा, व्हॉट्सअपवर पाठवा, आणि त्यांना सांगा की रात्री कागद समोर घेऊन ऐकायचं आणि ऐकताना बोट शब्दाखालून सरकवायचं. पाच वेळा. नाहीतरी ज्यांना वाचता येत नाही त्या सगळ्या व्हॉइस मेसेजवरच असतात, ते त्यांना येतंच. एक खबरदारी घ्या, चार-पाच दिवसांनी मजकूर पाठ होतो आणि त्या न बघताच म्हणायला लागतात. पाठ असलेला अभंग किंवा जात्यावरची ओवी वाचायला दिली की हमखास होतं हे. मग शेवटच्या शब्दापासून उलट बोट ठेवायचं, किंवा मधलाच एखादा शब्द दाखवायचा, हा कुठला? तो वाचला तर वाचलं, नाहीतर म्हटलं.

'अर्ज' बद्दल. यात तुमच्या ताईंची काहीच चूक नाही, आपली लिपी तिथे खरंच वाकड्यात शिरते. रफार बोलायचा आधी आणि लिहायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, म्हणजे 'अर्ज' मधला र ऐकू येतो ज च्या आधी आणि दिसतो ज वर. पहिल्या वेलांटीचं उलटं, ती दिसते अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. आपल्याला सवय झालीय म्हणून, पण 'किती' हा शब्द त्यांच्या नजरेने बघा, आधी काठी मग क, त्या अडणारच की. र तर चार सोंगं घेतो, अर्ज मधे डोक्यावर बसतो, प्रत मधे पोटात तिरका घुसतो, ट्रक मधे खाली टोपी घालतो आणि शेतकऱ्यांना मधे नुसती भुवई होते. हे चारही एका दिवशी शिकवले तर चारही जातात. एका महिन्यात एकच सोंग. रफारापासून सुरू करा, कारण रेशन कार्ड, आधार कार्ड, अर्ज, खर्च, कर्ज, वर्ग, बचत गटाच्या वहीत सगळा रफारच भरलाय. 'कर्ज' हा शब्द मी शिकवलेला नाही कधी, तो बायकांना कुठूनतरी आधीच ओळखता येतो.

सारखी दिसणारी अक्षरं, घ-ध, भ-म, थ-य, ही जोडीने शिकवू नका, यातलं एक पक्कं झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी दुसरं. फरक समजावून सांगायला म्हणून आपण दोन्ही शेजारी मांडतो आणि मग ती कायमची एकमेकांत अडकतात. मी अडकवलीत, अनुभवाने सांगतेय.

प्रश्न : नमस्कार ताई, मी डीएडला आहे आणि उल्लास या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून माझ्याकडे नऊ जण दिलेत. दोघींना काहीच येत नाही, चौघांना अक्षरं येतात, तिघे तर चौथीपर्यंत शिकलेत. मार्चमधे परीक्षा आहे आणि वरून सांगतात की सगळे पास झालेच पाहिजेत. एकाच वर्गात काय काय करू? (अहिल्यानगर जिल्हा)

अरे, पहिल्यांदा नऊ जणांना एकत्र बसवून फळ्यावर शिकवणं बंद कर. तू जे वर्णन केलंस ते तीन वर्ग आहेत. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकेकट्याला बाजूला घे, एका कागदावर काही अक्षरं, काही सोपे शब्द, एक परिच्छेद, एक छोटी गोष्ट. जिथे अडतील तिथे त्यांचा गट. वयावरून नाही, शाळेत किती शिकले त्यावरूनही नाही, कारण चौथी शिकलेले पंचवीस वर्षांत सगळं विसरलेले असू शकतात आणि कधीच शाळेत न गेलेली बाई रिचार्जच्या दुकानात बसून निम्मी अक्षरं उचललेली असू शकते. मग त्या तिघांना जरा तयार करून दोघींच्या जोडीला बसव, तू अक्षरवाल्या चौघांकडे जास्त लक्ष दे, वरच्या प्रश्नात लिहिलंय तो डोंगर त्यांच्यापुढे आहे.

परीक्षेचं टेन्शन घेऊ नको आणि त्यांना तर अजिबात देऊ नको. दीडशे गुणांची असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी पन्नास, आणि पास व्हायला तेहेतीस टक्के. तुझे चौथीवाले थोड्या सरावाने काढतील. त्या दोघी मार्चपर्यंत नाही झाल्या तर नाही झाल्या, पुढच्या वेळी बसतील, कार्यक्रम २०२७ पर्यंत आहे आणि वयाची अट फक्त पंधराच्या पुढे एवढीच आहे. वरून सांगणाऱ्यांना आकडा हवा असतो, त्यांचंही चुकत नाही, त्यांनाही वरून कुणीतरी सांगत असतं. पण त्या दोघींच्या शेजारी बसून कुणी पेपर लिहून दिला तर त्या कागदावर साक्षर होतात आणि पुढच्या यादीतून त्यांचं नाव जातं, म्हणजे मग त्यांच्याकडे कुणीच येत नाही. हे एवढं लक्षात ठेव.

आपल्याकडे हे आधी होऊन गेलंय. १९५९ मधे सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, गावं इरेला पेटली, गाव पूर्ण साक्षर झालं की समारंभ, पुढे ती राज्यभर गेली. माझे आजोबा सांगायचे, आमच्या गावाने मंदिरात शपथ घेतली होती. पण समारंभानंतर वाचायला काय होतं घरात? पेपर यायचा नाही, पुस्तक नाही, बरेच जण विसरले. म्हणून परीक्षेनंतर एप्रिलमधे काय, याचा विचार आत्ता कर. गावातल्या वाचनालयात मोठ्या टायपातली पातळ पुस्तकं आहेत का बघ, नसतील तर मुलांची गोष्टींची घे, पण ससा-कासव शक्यतो नको.

प्रश्न : मी साखर कारखान्याजवळच्या गावात शिक्षिका आहे. दिवाळीनंतर ऊसतोड कामगार कोप्या (झोपड्या) टाकतात, त्यातल्या काही बंजारा बायकांनी मला शिकवा म्हटलं. त्यांच्या घरात गोरमाटी बोलतात. मराठीतून शिकवू का? आणि मार्च-एप्रिलमधे त्या परत जाणार, तेवढ्यात काय होणार? (सांगली जिल्हा)

पहिला शब्द त्यांचा घ्या. याडी म्हणजे आई, बाटी म्हणजे भाकरी. गोरमाटी देवनागरीत मजेत लिहिता येते. ज्या भाषेत स्वप्नं पडतात त्या भाषेतले दहा-बारा शब्द आधी वाचता आले की अक्षर म्हणजे काय ते कळतं, आणि ते एकदा कळलं की मराठी काय, त्या बोलतातच मराठी. बघा ना, बाटी मधला बा उचलला की तुमची 'बाकी' जवळ आली. ट उचलला की 'टन' जवळ आला. काट्यावरच्या पावतीवर हेच तर असतं, तारीख, टन, आणि मुकादमाच्या वहीत उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आणि बाकी. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायको मिळून, हंगामभर किती टन तोडला आणि उचलीतून किती फिटलं हे मुकादम सांगेल तेच खरं असतं, म्हणून त्यांना शिकायचंय, तुम्हाला त्यांनी सांगितलं नसेल पण कारण हेच असतं नव्वद टक्के. आकड्यांची सुरुवात तर पावतीवरूनच करा. फोनवरचे आकडे त्यांना येत असतील, नंबर लावतात त्या, तेच पक्के करून घ्या, देवनागरी आकडे नंतर एसटीच्या पाटीसाठी आणि सातबाऱ्यासाठी.

एक सल्ला, हिशेब शिकवतेय असं कुणाला सांगत बसू नका. अक्षरं शिकवतेय म्हणा. हिशेब त्या स्वतः करतील.

वेळेचं काही खरं नसतं तिकडे, पहाटे चारला फडात जातात आणि रात्री गाडी भरायला कधीही बोलावतात. दहा मिनिटं मिळाली तर दहा मिनिटं घ्या, चुलीजवळ, त्यांच्या कोपीत. तुमच्या शाळेत या म्हणू नका, थकलेली बाई अंघोळ करून साडी बदलून शाळेत कशी येणार. चार महिन्यांत सलग वाचन नाही येणार, पण पावती, स्वतःचं आणि मुलांचं नाव, गावाचं नाव एवढं नक्की होतं. जाताना त्यांचेच शब्द लिहिलेली एक वही आणि तुमचा नंबर द्या, आणि आवाजात रेकॉर्ड केलेले मजकूर पाठवत राहा. पुढच्या हंगामात त्याच कारखान्याला येतील याची खात्री नसते, कधी कर्नाटकात जातात.

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची, वर्षभर शिकून आता सही करते. पण बँकेत गेलो तर ते म्हणतात अंगठाच लावा. आईला फार लागलं ते. काय करायचं? (पुणे)

बँकेच्या नोंदीत जे आहे त्याच्याशीच ते ताडून बघणार, त्यांच्याकडे आईंचा अंगठा आहे तर सही कशाशी ताडणार. त्यामुळे भांडू नका, अर्ज द्या, की आता मी सही करते, नमुना सही बदलून घ्या. आईंना ओळखपत्र घेऊन स्वतः जावं लागेल आणि त्यांच्यासमोर सही करावी लागेल. त्याआधी घरी महिनाभर रोज दहा वेळा सही करायला लावा, अगदी छोट्या चौकटीत, कारण नव्याने शिकलेल्यांची सही रोज वेगळी येते, कधी आडनाव खाली घसरतं, कधी रेघ राहते, आणि एकदा नोंद झाली की मग ती जुळली नाही म्हणून स्वतःचेच पैसे अडकतात. सही लांबलचक नको, नुसतं नाव पुरे.

आणि काउंटरला आईंना एकटीला जाऊ द्या, तुम्ही बाकड्यावर बसा. पेन मात्र घरचा न्या, सरावाचाच, तिथला दोरीला बांधलेला पेन कधी चालत नाही.